मार्गशीर्षात नाताळचं जेवण

आमचा ग्रुप ट्रेनमधला. विरारवरून सकाळी सुटणारी चर्चगेट फास्ट, लेडीज डबा, दाराजवळची ठरलेली जागा. आठ वर्षं झाली आता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्याला झेंडूची तोरणं लावतो, संक्रांतीला तिळगूळ वाटतो, एकीचं तर डोहाळजेवण पण डब्यातच केलंय आम्ही, बोरिवली यायच्या आत ओटी भरून मोकळ्या. त्यातल्या आम्ही पाचजणी जास्त जवळच्या. ताई सगळ्यात मोठी, ऑक्टोबरमध्ये रिटायर झाली पण ग्रुपवर अजून सकाळी पहिला मेसेज तिचाच असतो. मग बँकवाली, बोईसरवाली, मी, आणि आमची वसईवाली. शिवाय मागच्या वर्षीपासून एक धाकटी, अमरावतीची, नालासोपाऱ्याला रूम घेऊन राहते, पहिलाच जॉब.

वसईवाली दरवर्षी २६ डिसेंबरला स्टीलचा मोठा डबा घेऊन यायची. कलकल (मैद्याचे गोड तळलेले शंख), नेवऱ्या, केक, पेरूचं चीज म्हणजे पेरूच्या वड्या. अंधेरी येईपर्यंत डबा रिकामा. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मात्र ती म्हणाली, यंदा मी डबा आणणार नाही, तुम्ही सगळ्यांनी २५ ला माझ्याकडे जेवायला यायचं, सासूबाईंनीच सांगितलंय, त्या म्हणतायत की आठ वर्षं नुसती नावं ऐकतेय, एकदा तोंडं तरी बघू दे.

सगळ्या हो म्हणाल्या, मी पण म्हणाले. घरी येऊन कॅलेंडर बघितलं तेव्हा लक्षात आलं. २५ डिसेंबर २०२४, बुधवार, मार्गशीर्ष चालू. आणि दुसऱ्या दिवशी शेवटचा गुरुवार, उद्यापन. आमच्याकडे मार्गशीर्षात महिनाभर मटण-मासे तर सोडाच, अंडंही नसतं. सासूबाई होत्या तोपर्यंत त्यांचं कडक होतं, त्या गेल्यावर मी तसंच चालू ठेवलंय कारण त्यांनी शेवटच्या वर्षी माझा हात धरून सांगितलं होतं की एवढं एक सोडू नकोस. त्यामुळे ते मोडायचा प्रश्नच नव्हता. पण नाताळ म्हणजे तिच्या घरचा वर्षातला सगळ्यात मोठा सण, आणि मी तिथे जाऊन वरणभात मागायचा? मला दोन दिवस काही सुचेना. व्हॉट्सॲपवर टाईप केलं, खोडलं, परत टाईप केलं. शेवटी ताईला फोन लावला तर ती म्हणाली, अगं मैत्रीण आहे ना ती, समोर बसून सांग सरळ, मेसेज कसला करतेस.

दुसऱ्या दिवशी ट्रेनमध्ये सांगितलं. वसईवाली माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "तुला काय वाटलं, मला माहीत नाही? आठ वर्षं तुझा डबा बघतेय मी. मार्गशीर्ष लागला की तुझ्या डब्यातलं ऑम्लेट जातं आणि मटकी येते. आणि ज्या वर्षी तुझा महिना नाताळपर्यंत पुरायचा ना, त्या वर्षी तुझी आणि बोईसरवालीची कलकलची पुडी वेगळी असायची, बिनअंड्याची. केक तुम्हाला मी द्यायचेच नाही, संपला म्हणून सांगायचे."

मला खरंच हे माहीत नव्हतं. मी त्या पुड्या घरी आणून मुलांना पण दिल्यात आणि एकदाही मनात आलं नाही की माझी पुडी वेगळी का. त्या दिवशी दादरपर्यंत मी फारशी बोललेच नाही.

मग मी तिला विचारलं की मी सकाळी लवकर आले तर चालेल का, मला फुगे कसे करतात ते बघायचंय. फुगे म्हणजे नाताळच्या जेवणातले मैद्याचे तळलेले गोळे, तिच्याकडून त्यांच्याबद्दल इतकं ऐकलं होतं. ती म्हणाली साडेसातला ये, पीठ तर पहाटेच भिजवलेलं असेल.

तर २५ ला सकाळी सातला घरातून निघाले. विरार वेस्टला राहत असून मी त्या बाजूला आठ वर्षांत तीन-चारदाच गेले असेन, तेही अर्नाळ्याच्या बीचला. रिक्षा बोळिंजपर्यंत टॉवरच्या मधून जाते, दोन्हीकडे वीस-वीस मजले, आणि नंदाखालच्या बाजूला वळलं की केळीच्या वाड्या, माड, विहिरी सुरू. हवा बदलते, अंगावर शाल ओढून घ्यावीशी वाटते. प्रत्येक घरावर चांदणी लावलेली, दिवस उजाडला तरी आत दिवे चालू. आणि नाक्यानाक्यावर पोरांनी केलेले गोठे. गोठा म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा. खरं गवत, माती, पेंढा, एका ठिकाणी तर छोटी मोटर लावून झरा वाहता ठेवलेला, त्यात हळीव पेरून हिरवीगार शेतं केलेली. दिवाळीचा किल्ला करतात तसंच सगळं, आमच्या वाईला आम्ही किल्ल्यावर हळीवच पेरायचो, त्यामुळे मी रिक्षा थांबवून दोन मिनिटं बघत राहिले.

नंदाखाल म्हणजे फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं गाव. ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला झालं ते. २५ जुलै २०२४ ला फादर गेले, म्हणजे गावाचा त्यांच्याशिवायचा हा पहिला नाताळ. या वाड्या, विहिरी अजून दिसतायत त्याच्यामागे त्यांनी आणि गावच्या लोकांनी हरित वसईसाठी दिलेला लढा आहे. रिक्षावाला पण त्यांच्याबद्दल बोलत होता, आणि तो उत्तर प्रदेशचा.

घर जुनं, कौलारू, पुढे ओटी, मागे पडवी आणि पडवीच्या पलीकडे वाडी. आजी (वसईवालीच्या सासूबाई, पण मुलं आजी म्हणतात म्हणून मी पण आजीच म्हणाले) ओटीवर बसल्या होत्या, लाल लुगडं, कासोटा, वय पंचाहत्तरच्या पुढे. मी वाकून नमस्कार केला तर त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, तू ती वाईची ना? घरात आपसात ते त्यांची सामवेदी बोली बोलतात, कादोडी म्हणतात तिला. मराठीच, पण कान लावून ऐकावी लागते. माझ्याशी मात्र आपलं नेहमीचं मराठी. रात्रीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, पण मराठीतूनच असते आणि गाणी पण, हे मला वसईवालीने पूर्वी सांगितलं होतं, तरी तिथे बसून आजींच्या तोंडून बाळ येशूचं गाणं ऐकलं तेव्हा खरं कळलं.

फुगे करणार होत्या त्या वसईवालीच्या आई, म्हणजे मावशी. तिचं माहेर गोराईचं, ते ईस्ट इंडियन. नावावरून माझा कायम गोंधळ व्हायचा. हे लोक इथलेच, मुंबई-साष्टीचे मूळचे, मराठी बोलणारे, आणि ईस्ट इंडियन हे नाव त्यांनी १८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा घेतलं, गोव्याच्या आणि मंगलोरच्या ख्रिश्चनांपेक्षा आपण वेगळे, इथले, हे कळावं म्हणून. मावशींनी हे सगळं पीठ फेटता फेटता सांगितलं.

आता फुगे. मागच्या पडवीत चूल होती, नारळाच्या करवंट्या आणि झावळ्यांचे दांडे जळत होते. चुलीपाशी दोन पातेली, ओल्या फडक्याने झाकलेली. एक मोठं, एक लहान. मोठ्यात मैदा, अंडी, नारळाचं दूध, थोडी साखर, मीठ, यीस्ट. पूर्वी यीस्टच्या जागी ताडी घालायचे, सकाळी उतरवलेली. लहान पातेल्यात सगळं तेच पण अंडं नाही, नारळाचं दूध जास्त. ते लहान पातेलं माझं आणि बोईसरवालीचं.

पण पीठ वर आलंच नव्हतं. रात्री थंडी पडलेली, पहाटे चारला भिजवलेलं पीठ साडेसातला पण तसंच घट्ट बसलेलं. वसईवालीचा चेहरा उतरला, पंचवीस माणसं जेवायला आणि फुगेच नाहीत म्हटल्यावर. मावशी मात्र शांत. त्यांनी पिठात बोट बुडवून बघितलं, दोन्ही पातेली उचलून चुलीच्या बाजूच्या गरम राखेजवळ सरकवली, वर जुनी गोधडी टाकली आणि म्हणाल्या, बाळाला थंडी लागलीय, पांघरूण घाला. आणि मसाला वाटायला बसल्या. बरोबर सव्वानऊला त्यांनी गोधडी काढली तर फडकं वर उचललेलं, पीठ पातेल्याच्या काठाला आलेलं, वर बुडबुडे, आणि त्याचा तो आंबूस गोड वास.

मग त्यांनी कढईत नवीन तेल ओतलं आणि पहिल्यांदा लहान पातेलं पुढे घेतलं. मी म्हटलं मावशी, मोठं आधी करा ना, लोक जास्त आहेत. तर म्हणाल्या, अंड्याचे आधी तळले तर तेल तुम्हाला चालेल का? नवीन तेलात तुमचे पहिले, मग आमचे. मी काही बोलू शकले नाही. माझ्या माहेरीसुद्धा एवढा विचार कुणी करणार नाही.

हात असा. डावा हात पाण्यात बुडवून ओला करायचा, मूठभर पीठ घ्यायचं, ते इतकं सैल असतं की बोटांतून पळतं. मूठ हळूहळू आवळायची, करंगळीकडून वर, म्हणजे अंगठा आणि तर्जनीच्या मधून पिठाचा गोळा वर येतो, लिंबाएवढा, गुळगुळीत. तो उजव्या हाताच्या ओल्या बोटांनी अलगद तोडून तेलात सोडायचा. सोडायचा म्हणजे टाकायचा नाही, तेलाजवळ नेऊन घसरवायचा. खाली जातो, क्षणभर थांबतो, मग वर येऊन फुगायला लागतो आणि एक बाजू झाली की स्वतःच उलटतो. हो, स्वतःच. मावशींनी झारा लावलाच नाही, नुसतं तेल वर उडवत होत्या. कढईत दहा-बारा गोळे, एकेक करून कूस बदलणारे, आणि मावशींची मूठ थांबत नाही, तेवढ्या वेळात पुढचा गोळा तयार. मला पण त्यांनी करायला लावलं. माझे पहिले सात-आठ शेपटीवाले झाले, पीठ तोडताना धागा राहतो त्याची शेपटी. नवव्याला मावशींनी माझ्या मुठीवर स्वतःची मूठ ठेवली आणि आवळली, तेव्हा कळलं की जोर बोटांत नाही, तळहातात लावायचा. तो गोल झाला. त्या बाराव्याला म्हणाल्या, आता तू गोराईत लग्न केलं तरी चालेल.

गरम फुगा उघडला तर आत जाळी, बाहेर पातळ कड, आणि नारळाची गोडी. मी उभ्याउभ्याच चार खाल्ले.

बाटली मसाल्याबद्दल पण सांगायला पाहिजे कारण त्याच्याशिवाय हे जेवण होत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात मिरच्या आणि वीसच्या वर जिन्नस वाळवायचे, भाजायचे, कांडायचे, आणि बिअरच्या तपकिरी बाटलीत काठीने ठासून ठासून भरायचे. तपकिरी बाटली अशासाठी की उजेड आत जात नाही, मसाल्याचा रंग आणि वास वर्षभर टिकतो. म्हणून नाव बाटली मसाला. मावशींनी गोराईवरून दोन बाटल्या आणल्या होत्या, एक सुनेच्या घरासाठी, एक इथे. बूच काढलं की पडवीभर वास. आमच्या साताऱ्याच्या कांदा-लसूण मसाल्याची आठवण झाली, पण हा कोरडा, आणि जरा गोडसर, दालचिनीकडे झुकणारा.

साडेबाराला बाकीच्या आल्या. ताईने पैठणी नेसली होती, धाकटीने लाल कुर्ता, बोईसरवालीने दोन डझन चिकू आणले होते आणि बँकवालीने मुलांसाठी पुस्तकं. मी काय आणलं होतं ते सांगायचं राहिलं, वाईचे कंदी पेढे, भावाने पाठवलेले. ओटीवर लांब टेबल लावलं होतं, माडाखाली अजून एक. शेजारून ताटं येत होती, रुमालाने झाकलेली, त्यात नेवऱ्या, कलकल, केकचे तुकडे, मार्झिपान, आणि इथून तशीच ताटं जात होती. अगदी आपलं दिवाळीचं फराळाचं ताट. लहान मुलांची नुसती पळापळ.

जेवायच्या आधी सगळे उभे राहिले. आजींनी प्रार्थना म्हटली, छोटीशी, अन्न पिकवणाऱ्यांसाठी, रांधणाऱ्यांसाठी, आणि जे आज टेबलावर नाहीत त्यांच्यासाठी. तिथे त्या जरा थांबल्या. आजोबा गेल्याला दोन वर्षं झाली. मला माझ्या सासूबाई आठवल्या.

वाढलं काय काय होतं! पोर्क इंद्याल, मटण बाटली मसाल्यातलं, चिकन, कोळंबीचं लोणचं, तांदळाच्या भाकरी, भात, आणि फुगे टोपलीच्या टोपल्या. इंद्याल म्हणजे सुक्या लाल मिरच्या, जिरं, हळद, लसूण सगळं सिरक्यात वाटून त्यात शिजवलेलं, आंबट तिखट, आणि ते एक दिवस आधी करून ठेवतात म्हणजे मुरतं. धाकटीने आयुष्यात पहिल्यांदा पोर्क खाल्लं आणि तिसऱ्यांदा वाढून घेतलं. ती दिवाळीत पण घरी जाऊ शकली नव्हती, सुट्टी नव्हती, आणि त्या दिवशी मावशी तिच्या मागे उभ्या राहून वाढत होत्या आणि ती खाली मान घालून जेवत होती. ताईने हळूच तिच्या पाठीवर हात ठेवला.

आमचं दोघींचं पान वेगळं होतं, टेबलाच्या त्याच बाजूला सगळ्यांच्या मधे, पण भांडी वेगळी. सुरणाचं इंद्याल, त्याच मसाल्यात त्याच सिरक्यात, आजींनी स्वतः केलेलं, आदल्या दिवशी. कच्च्या केळ्यांची भाजी बाटली मसाल्यात नारळाचा रस घालून. वाल. भाकरी. आणि आमचे फुगे. सुरण इतका छान लागू शकतो हे मला माहीत नव्हतं, बाहेरून मसाल्याने लाल आणि आत लोण्यासारखा, फुगा मोडून त्या रसात बुडवला की फुग्याची जाळी सगळा रस ओढून घेते. बोईसरवालीने तर बोटं चाटली.

एक गोष्ट झाली. मुलं फुगे वाढत फिरत होती आणि एका छोट्याने उत्साहाने मोठ्या टोपलीतले दोन माझ्या पानात टाकले. मला फरक कळला पण नसता, मी उचलला पण होता. आजी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. तिथून त्या एवढ्या मोठ्याने ओरडल्या की सगळे गप्प झाले. उठून आल्या, स्वतः माझं पान उचललं, नवीन पान आणलं, परत सगळं वाढलं. मी म्हणत होते आजी राहू दे, चुकून झालं तर देवी रागवणार नाही. तर म्हणाल्या, देवीचं देवी बघेल, माझ्या घरात तुझा नेम मोडला तर मी काय उत्तर देऊ. मग शेजारी बसल्या आणि सांगायला लागल्या की त्यांच्याकडे पण उपवासकाळ असतो, राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, रविवार सोडून चाळीस दिवस, त्या अजूनही त्या दिवसांत मटण खात नाहीत, आणि एकदा एका लग्नात कुणीतरी चुकून वाढलेलं त्यांना आजपर्यंत टोचतं.

मग गप्पा वसईच्या इतिहासावर गेल्या. ताईला इतिहासाचं वेड. ती म्हणाली १५३४ ला वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ ला चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला, म्हणजे दोनशे पाच वर्षं, आणि तेवढ्यात त्यांचे शब्द आपल्या घरात घुसले, पाव, बटाटा, चावी, बादली, इस्त्री, पगार, आणि नाताळ पण त्यांचाच शब्द. वसईवालीचे मिस्टर म्हणाले आमच्या समाजाचं कुपारी हे नाव पण त्यांच्याकडूनच आलंय असं म्हणतात, कोंपाद्रे, म्हणजे बाप्तिस्म्याच्या नात्याने झालेला सोयरा.

तेव्हा मला एकदम आठवलं. वाईजवळ तीन किलोमीटरवर मेणवली आहे, नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट असलेली. तिथे मेणेश्वराच्या देवळाजवळ एक मोठी घंटा आहे, पंचधातूची, १७०७ मध्ये ओतलेली. वसईच्या विजयानंतर चिमाजी आप्पांनी ज्या घंटा नेल्या त्यातली ती. भीमाशंकरला पण एक आहे. आणि मेणवलीच्या घंटेवर बाळाला घेतलेल्या मारियाची आकृती आहे. लहानपणी आम्ही शाळेच्या सहलीत जायचो तेव्हा मला ती यशोदा-कृष्ण वाटायची. मी हे बोलले आणि टेबलावर शांतता. मला वाटलं चुकलं का काय, सणाच्या दिवशी लढाईचा विषय काढला.

आजी म्हणाल्या, "अजून आहे ती घंटा?"

मी लगेच भावाला फोन लावला. तो वाईतच असतो. त्याला म्हटलं काही विचारू नकोस, गाडी काढ आणि मेणवलीला जा, घंटेवरच्या आईचा फोटो पाठव, जवळून. तो बिचारा जेवत होता, पण गेला. तोपर्यंत आम्ही हाऊजी खेळलो, बँकवालीला पूर्ण घर लागलं, मुलांनी गाणी म्हटली. साडेतीनला फोटो आला. दगडी कमानीत टांगलेली ती हिरवट काळी घंटा, आणि दुसऱ्या फोटोत ती आकृती, झिजलेली, पण मांडीवरचं बाळ दिसतं. मी फोन आजींच्या हातात दिला. त्यांनी हात लांब करून बघितलं, मग चष्मा मागवला, नातवाने बोटांनी फोटो मोठा करून दिला. बराच वेळ बघत होत्या. मग त्यांनी क्रूसाची खूण केली.

"तिथे कुणाचं देऊळ आहे?"

"महादेवाचं, आजी."

"मग बाळ देवळातच आहे ना," म्हणाल्या. "बरं झालं."

त्यानंतर त्यांनी तो फोटो सगळ्यांना दाखवायला लावला, शेजारच्यांना पण बोलावून बोलावून. हिच्या माहेरी आहे ती, असं सांगत होत्या.

निघायला पाच वाजले. मला खरं तर घाई होती, विरारच्या बाजारातून दुसऱ्या दिवसाच्या पूजेसाठी डहाळे घ्यायचे होते. उद्यापनाच्या आदल्या संध्याकाळी स्टेशनबाहेर काय गर्दी असते ते माहीतच आहे सगळ्यांना, कोमेजलेल्या पाच काड्यांची जुडी आणि भाव वाट्टेल तो. मी वसईवालीला हळूच म्हटलं मी निघते, डहाळे मिळणार नाहीत नाहीतर. ते आजींनी ऐकलं. कसले डहाळे, विचारलं. मी सांगितलं की कलशात पाच झाडांचे लावतात, आणि पाच फळं.

आजी चप्पल घालून वाडीत निघाल्या. मी नको नको म्हणत मागे. कोयता त्यांच्याच हातात. विहिरीजवळचा चिकू, मग आंबा, जांभूळ, पेरू, आणि कुंपणाजवळचं सीताफळ. प्रत्येक झाडाशी थांबून बघायच्या, किडकी पानं असलेली फांदी सोडून द्यायच्या, आणि कोवळी, पाच-सहा पानांची डहाळी कापायच्या. कुणाची लक्ष्मी आहे, नीट नको का, असं म्हणत. मग राजेळीच्या घडाची एक फणी उतरवली, पिवळी व्हायला लागलेली. सगळं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलं, वर केळीच्या सोपटाने बांधलं. सांगितलं की घरी गेल्यावर बादलीत पाणी घालून उभे ठेव, सकाळपर्यंत मान टाकणार नाहीत.

नाही टाकली. गुरुवारी पहाटे कलश मांडला तेव्हा पानांवर थेंब होते आणि चिकूच्या कापलेल्या टोकाला चीक लागत होता. राजेळी केळी पाटावर मधोमध ठेवली. संध्याकाळी हळदीकुंकवाला बिल्डिंगमधल्या बायका येऊन गेल्या, आणि साडेसातला वसईवाली आली, विरारला उतरून थेट, ऑफिसची बॅग खांद्यावर. मी तिला पाटावर बसवलं, हळदीकुंकू लावलं, हातात फळ आणि पोथी दिली. ती कलशाकडे बघत होती. "तो चिकूचा डहाळा विहिरीजवळच्या झाडाचा ना," म्हणाली, आणि फोन काढून फोटो घेतला, आजींना दाखवायला.